लांजेवार आणि बांबूची मेख

ज्याने साक्षात सूर्याला चरकावर धरून त्याचे असह्य तेज जगाला सोसेल एवढे तासले, त्या देवशिल्पी विश्वकर्म्याला आणि शस्त्रमात्रात वास करणाऱ्या जगदंबेला वंदन करून हे स्मरण लिहावयास बसलो आहे. निमित्त आजच्या खंडेनवमीचे. भिलाईच्या सेक्टरातील पाठकांच्या घरी गेली कित्येक वर्षे शस्त्रपूजा मी सांगतो. आज पाटावर गंधाक्षता वाहताना माझा हात बांबूच्या एका मेखेपाशी थबकला. करंगळीच्या पेराएवढी ती मेख. एका जुन्या जपानी तलवारीचा सगळा साज तिच्या आधारावर उभा आहे. ती ज्यांनी घडवली ते महादेव लांजेवार चैत्रात देवाघरी गेले. त्यांच्याविना आलेली ही पहिली नवमी.

लांजेवार मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतीच्या घरातले. तरुणपणी इकडे आले आणि पोलाद कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. निवृत्तीनंतर भिलाईलगतच्या कुरुदला दोन खोल्या बांधल्या. अंगाने किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी सहा इंची पोलादी पट्टी. कोणतीही वस्तू समोर आली की ते प्रथम दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गुंतवीत. कुलूप असो, शिलाई यंत्र असो, हात पुढे येण्यापूर्वी बराच वेळ जाई. "हात लावाच्या आधी डोये लावा," असे ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून न ऐकलेला मनुष्य आमच्या इथल्या मराठी मंडळात सापडणार नाही.

आमच्या देवळातील घंटेचा नाद एका वर्षी बसका झाला, तेव्हा लांजेवार तीन संध्याकाळी त्या घंटेखाली नुसते उभे राहिले. जो मनुष्य कधी देवळाची पायरी चढत नसे, त्याला असा तल्लीन पाहून भाविकांची समजूत झाली की लांजेवारांना अखेर भक्ती लागली. चौथ्या दिवशी त्यांनी शिडी मागवली, घंटा चार बोटे फिरवून पुन्हा टांगली आणि नाद परत आला. लोलक वर्षानुवर्षे एकाच जागी आपटून तिथले कासे झिजले होते, एवढेच. मी म्हणालो, "महादेवराव, आता आलाच आहात तर दर्शन घेऊन जा." ते म्हणाले, "मी तीन दिवसांपासून वरच पाहून राहिलो नं, गुरुजी. आनखी कोनतं दर्शन?"

परंतु हे सारे वरवरचे झाले. लांजेवार मला खरे दिसले ते एका दुपारी, अडीच ते पाच या वेळात.

तीन वर्षांपूर्वीची ती आश्विनातील एकादशी, दसऱ्याचा दुसरा दिवस. शशिकलाताई पाठकांचा दूरध्वनी आला. "गुरुजी, जसे असाल तसे या. घरी पोलीस येऊन गेले."

पाठकांच्या घरातील तलवारीविषयी येथे सांगणे भाग आहे. शशिकलाताईंचे सासरे सैन्यात वैद्यकीय खात्यात होते. महायुद्ध संपल्यावर ते पलटणीबरोबर जपानात गेले आणि तिथे एका वृद्धाचा आजार त्यांच्या औषधाने हटला म्हणून त्याने ही तलवार दिली, असे घरात सांगत. तलवारीचे पाते तर होतेच, परंतु पाहणाऱ्याचा जीव गुंतावा तो तिच्या साजात. काळे लाखेचे म्यान. मूठ आणि पाते यांच्यामध्ये लोखंडाची वाटोळी चकती, तिच्यावर नदीकाठचे वेत कोरलेले. मुठीवर पांढऱ्या कातडीचे साबुदाण्यासारखे दाणे, त्यांवरून तिढा घालीत गेलेली रेशमी फीत, आणि त्या फितीखाली दोन्ही अंगांना एकेक सोन्याचा हंस, बोटाच्या पेराहून लहान, अर्धा झाकलेला. जणू वेतात उतरतो आहे. म्यानाच्या बगलेत एक छोटी सुरी खोवलेली होती आणि तिच्या चपट्या मुठीवर हंसांची रांग चंद्रापुढून जात होती.

शशिकलाताईंचा मुलगा नितीन याने नवमीच्या दिवशी ती तलवार उगारून छायाचित्र काढून घेतले आणि ते मोबाईलवर सर्वांना दिसेल असे ठेवले. सव्वीस वर्षांचा मुलगा. रेल्वेतल्या नोकरीसाठी त्याची निवड झाली होती, फक्त पोलीस पडताळणी राहिली होती. ते चित्र फिरत फिरत ठाण्यापर्यंत गेले.

मी पोहोचलो तेव्हा ताई दारातच उभ्या होत्या. "साहेब भला माणूस वाटला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, पाच वाजता परत येतो, तोवर आपण होऊन जमा केली तर तसं लिहून घेईन. नाही तर गुन्हा दाखल करावा लागेल. गुन्हा लागला की याची नोकरी गेली, गुरुजी."

"मग देऊन टाकू," मी म्हणालो.

"पातं देऊ हो. माझा जीव त्या साजात आहे. सासरेबुवा दर नवमीला त्या हंसांवरून बोट फिरवत, मग हे फिरवू लागले. साहेबाला विचारलं मी. तो म्हणाला, मूठ अन् म्यान आमच्या काय कामाचं, पातं वेगळं काढून द्या, चालेल. पण ते वेगळं होत नाही! ह्यांनीही एकदा ठोकून पाहिलं होतं. अख्खी तलवार ठाण्याच्या मालखान्यात गेली की सुतळीनं बांधून कोपऱ्यात पडेल. उंदीर ती फीत ठेवतील का?"

आतून नितीन ओरडला, "आई, छोड़ ना! पूरी की पूरी दे देते हैं. मेरी जॉब का सवाल आहे अन् तुला हंसांचं पडलंय!"

ताई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "लांजेवारभाऊंना फोन केलाय."

अडीच वाजता कुरुदहून लांजेवार आले. खांद्याला कापडी पिशवी. चपला काढल्या, हातपाय धुतले, बोटातली तांब्याची अंगठी काढून खिशात टाकली. पांढऱ्या पंचावर तलवार ठेवली होती, तिच्यासमोर मांडी घातली, खिशातला रुमाल काढून त्याची घडी दातांत धरली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. हात पाठीमागे होते तरी मला दिसले, उजवा हात कापत होता. वर्षभरापूर्वी त्यांना तो कंप जडला होता आणि त्याविषयी ते कोणाशी बोलत नसत.

तीन वाजले. लांजेवार पाहत होते. नितीन येरझारा घालीत होता. "काका, कुछ करोगे भी? की नुसतं पाहूनच राहणार?"

लांजेवारांनी मान कलती करून मुठीची दुसरी बाजू पाहिली. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, आणि मला मात्र त्यांच्या त्या पाठीमागच्या हातांचे मूळ आठवत होते. ते आता सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही.

ताईंचे यजमान पाठकसाहेब हयात असताना एका नवमीच्या आदल्या दिवशी मीच म्हणालो होतो की पूजेचे शस्त्र निर्मळ असावे. तलवारीचा साज काळवंडलेला दिसत होता. साहेबांनी टूलरूमच्या लांजेवारांना बोलावले. लांजेवारांनी आरंभ त्या छोट्या सुरीच्या मुठीपासून केला. आपल्या घरी देवाची भांडी जशी घासतात तशीच त्यांनी ती चिंच आणि राखेने घासली. काळेपणा निघाला, खालून लालसर तांबडा रंग झळकला, आणि आम्ही सगळे वाहवा म्हणालो. लांजेवार मात्र ती मूठ उजेडात फिरवून पाहू लागले. मी विचारले, "काय झाले?"

"गुरुजी, हे पाहा," ते म्हणाले. "चंद्र सोन्याचा, हंस सोन्याचे. मंग हे उडून राहिले असे कावून दिसत नाईत आता? आधी दिसत होते. मागं काया रंग होता तो मळ नव्हता, गुरुजी. ते रात होती. कोन्या कारागिरानं मुद्दाम केली होती. मी रात पुसली."

त्यानंतर त्यांनी उरलेल्या साजाला कोणाला हात लावू दिला नाही, आणि साहेबांकडून ती सुरीची मूठ मागून घेतली. "काया रंग परत आनल्याबिगर देनार नाई," म्हणाले.

पुढे कारखान्यात नवे यंत्र बसविण्यासाठी एक जपानी अभियंता काही महिने येऊन राहिला. लांजेवार त्याला आणि त्याच्या दुभाष्याला पाठकांच्या घरी घेऊन आले. मी तिथे होतो. त्या गृहस्थाने तलवार पाहताच गुडघे टेकले, मस्तक लववले, खिशातून कागदाची घडी काढून दातांत धरली आणि मगच म्यानाला हात लावला. लांजेवारांनी विचारले, "तोंडात कागद कावून?" दुभाष्याने सांगितले की श्वासाची वाफ लोखंडाला लागू नये म्हणून. माझ्या मनात आले, आपल्याकडे नैवेद्यावर श्वास पडू नये म्हणून पदर आड धरतात, तो आचार आणि हा आचार सख्खे भाऊच म्हणावेत. त्या दिवसापासून लांजेवारांच्या दातांत रुमाल आला.

अभियंत्याने पंचावर बोट फिरवत एकेक भागाचे नाव सांगितले. चकती म्हणजे त्सुबा. फितीखालचे हंस म्हणजे मेनुकी. शेवटी त्याने मुठीच्या भोकातील एका मळकट ठिपक्यावर नख टेकवले. तो बांबूचा तुकडा होता. हा मुठीतून आणि मुठीत शिरलेल्या पात्याच्या बुडख्यातून आरपार गेलेला असतो. हा निघाला की मूठ सुटते, चकती सुटते, सर्व सुटते, दुभाषी सांगत होता. ही मेख फार घट्ट बसली आहे, उगाच छेडू नका. मात्र काढावीच लागली तर मूठ डाव्या हाताने धरून पाते उभे करावे आणि उजव्या मुठीने आपल्याच डाव्या मनगटावर मारावे, म्हणजे पाते उसळून सैल होते. त्याने हवेत तशी क्रिया करून दाखवली.

लांजेवार बेहद्द खूश झाले. "एवढी मोठी तलवार, अन् धरून ठेवलं कोनं? बांबूनं! आमच्या गावच्या!" साहेब म्हणाले, "तुमच्या गावचा कसा हो, जपानचा." लांजेवार म्हणाले, "बांबूले काय माहीत तो कोन्या गावचा हाय?"

आणि जाता जाता अभियंत्याने काळ्या रंगाविषयी एक गोष्ट सांगितली: सोने मिसळलेले तांबे मोरचुदाच्या पाण्यात उकळतात, आणि त्याआधी त्याला मुळ्याचा रस लावतात. बस्स, तेवढ्यावर लांजेवारांची आठ वर्षे गेली. दर हिवाळ्यात तांब्याच्या तुकड्यांवर प्रयोग चाले. त्यांच्या कुटुंबाने एकदा माझ्यापाशी गाऱ्हाणे केले, "गुरुजी, तुमीच सांगा यांले. घरच्यांले मुळ्याची भाजी नाई, अन् तांब्याच्या तुकड्याले रोज मुळा!" नवव्या वर्षी लांजेवारांनी ती सुरीची मूठ परत आणली. तांबडेपणा गेला होता, गर्द तपकिरी झाक आली होती आणि हंस पुन्हा उडत होते. ताई म्हणाल्या, "अहो, छान झालं की!" लांजेवारांनी मान हलवली. "रात नाई झाली, ताई. सांज झाली. याच्यापुढं माहं जमत नाई."

तर असे ते हात पाठीमागे होते.

सव्वातीन वाजता लांजेवारांनी तोंडातला रुमाल काढला आणि पहिल्यांदा बोलले. "टेपर पिन हाय."

"म्हणजे?" ताईंनी विचारले.

"एका बाजूनं जाड, एका बाजूनं बारीक. बारीक बाजूनं मारलं तर निघते. जाड बाजूनं मारलं तर आनखी फसते. पाठकसाहेबांनी जाड बाजूनं मारलं असंल. फरक केसाएवढा हाय." त्यांनी पिशवीतून माप घेण्याचे यंत्र काढले, दोन्ही टोके पुन्हा पुन्हा मोजली, आणि मग पितळेची एक कांडी काढून कानशीने घासायला बसले. तिचे टोक मेखेच्या बारीक तोंडात नेमके मावले पाहिजे होते, कारण बारीक तोंडाला लागूनच एक हंस होता. कांडी घसरली असती तर तो चेपला असता.

कानशीचा आवाज घरभर चालू राहिला. साडेतीन. पावणेचार. दर थोड्या वेळाने ते कांडी उजेडात धरीत, मेखेवर टेकवून पाहत आणि पुन्हा घाशीत. ताई देवघराच्या उंबऱ्याशी बसून होत्या. आणि नितीनचा धीर सुटला. लांजेवार कांडी पाहण्यासाठी खिडकीकडे वळले तेवढ्यात त्याने पिशवीतली हातोडी आणि एक लोखंडी खिळा उचलला, तलवार गुडघ्याखाली दाबली आणि खिळा मेखेवर ठेवला. "एकच मारतो, निघून जाईल!"

मी ओरडलो असेन. लांजेवार ओरडले नाहीत. वयाच्या मानाने अशक्य वाटावे अशा चपळाईने ते वळले आणि त्यांनी आपला डावा पंजा खिळ्याच्या आड घातला. हातोडी खाली आलीच होती. ती त्यांच्या अंगठ्यावर बसली.

अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळत गेले, आमच्या डोळ्यांदेखत. नितीनच्या हातातून हातोडी गळाली. "काका... काका, मैंने..."

"बह्याडा," लांजेवार म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हे जाड बाजू होती. तू मारलं असतं तं ते पिन जन्मात निघाली नसती." मग म्हणाले, "पानी आन. अंगठ्याले नोको, मले प्यायले."

ताई चिंधी घेऊन धावल्या. त्यांनी चिंधी बांधू दिली नाही. "बांधला तं पकड येनार नाई. नंतर."

सव्वाचार झाले होते. ते माझ्याकडे वळले. "गुरुजी, मूठ धरा तुमी. घट्ट. हलू नोका."

माझे स्नान झालेले, एकादशीचा उपवास, आणि समोर ती दाणेदार कातडी. पूर्वी एकदा मी विचारले होते की हे कसले कातडे, तेव्हा ते म्हणाले होते, "मासोयीचं. तुमचा मृदंग कोनत्या फुलाचा असते, गुरुजी?" तेव्हा मला हसू आले होते. आज मी मुकाट्याने मूठ धरली. दाणे तळहाताला टोचत होते.

लांजेवारांनी कोपर गुडघ्यावर टेकवले, सुजत चाललेल्या डाव्या हातात पितळी कांडी धरली आणि उजव्या हातात हातोडी. तो हात थरथरत होता. हातोडीचे डोके हंसाच्या वर दोन बोटांवर डोलत होते. मला वाटले, आता हा हंस गेला.

"घाबरू नोका," ते म्हणाले. "हे थरथर येते अन् जाते. जाते तवा मारतो."

आणि तसेच झाले. ते वाट पाहत. हात कापे, कापे, आणि मग एखाद्या निमिषापुरता स्थिर होई. त्या निमिषात एक हलका ठोका. पुन्हा वाट. जपाच्या माळेतील मणी इतक्या सावधपणे ओढणारा साधक मी पाहिलेला नाही. सात ठोके, आठ. काही हलत नव्हते. बारावा. नितीन कोपऱ्यात उभा राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून पाहत होता. सतराव्या ठोक्याला आवाज बदलला. खालच्या अंगाला काळपट टोक तसूभर बाहेर आले. आणखी तीन ठोके, आणि मेख पंचावर पडली. पडताच तिचे दोन तुकडे झाले. ती आतून कधीचीच पिचली होती.

पावणेपाच.

आता मूठ सुटायची होती. त्यांनी म्यान बाजूला काढले, पाते उभे धरले, डाव्या हाताने मूठ कवळली, काळानिळा अंगठा फितीवर दाबून बसवला, आणि उजव्या मुठीने आपल्याच डाव्या मनगटावर प्रहार केला. पाते जागचे हलले नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा प्रहार. पुन्हा काही नाही.

"भाऊ, राहू द्या," ताई उठून म्हणाल्या. त्या आता रडत होत्या. "अख्खी देऊन टाका. मला नको ते हंस. तुमचा हात..."

"ताई, हात माहा हाय," लांजेवार म्हणाले. "तुमी बसा."

तिसऱ्या प्रहाराला मुठीच्या आत काहीतरी कुरकुरले. चौथ्याला पाते अर्धा बोट वर उसळले. लांजेवारांनी डोळे मिटले आणि उघडले. मग हळूच पाते उपसले, चकती उतरवली, तिच्या अंगच्या पातळ कड्या उतरवल्या, मुठीच्या तोंडाची गळपट्टी उतरवली आणि प्रत्येक वस्तू ज्या क्रमाने निघाली त्या क्रमाने पंचावर मांडली. पात्याचा बुडखा गंजून तपकिरी झाला होता आणि त्यावर कोणा लोहकाराची अक्षरे कोरलेली होती. मला ती वाचता येत नव्हती. माझे हात आपोआप जोडले गेले.

बाहेर जीप थांबली. ठाण्याचे साहेब आत आले, पंचाकडे पाहून थांबले. "हो गया, बाबा?"

"हो गया, साहब." लांजेवारांनी जखमी हात पाठीमागे नेला. "एक बिनती है. ये नीचे डंडी पे जो जंग है, इसको किसी को पोंछने मत देना. बनाने वाले का नाम उसी में बैठा है. अऊ तेल लगाने मैं आऊँगा."

"मालखाने में तेल लगाने आओगे?"

"आपके सामने लगाऊँगा. दो महीने में एक बार."

साहेबांनी टोपी काढून डोके खाजवले, नितीनकडे पाहिले, कागदावर 'स्वेच्छेने जमा' असे लिहून घेतले, आणि फडक्यात गुंडाळलेले पाते घेऊन गेले. नितीनची पडताळणी पुढे निर्वेध पार पडली.

त्या हिवाळ्यात लांजेवारांनी शिवणीच्या झाडाच्या हलक्या लाकडाचे एक पाते घडवले, मूळ पात्याच्या मापाचे, कारण आधाराविना साज विस्कळीत पडला की त्याची फीत ढिली होते. मेखेसाठी ते मुद्दाम गावी जाऊन आले. त्यांच्या जुन्या घरात चुलीवरच्या आढ्याला बांबू होता, कित्येक वर्षे धूर पिऊन तांबूस झालेला. त्याचे एक पेर त्यांनी कापून आणले. "धूर खाल्लेला बांबू फुगत नाई, कीड लागत नाई," म्हणाले. आणि मेखेला त्यांनी तोच केसाएवढा उतार दिला.

पुढची नवमी आली. मंडळातले काहीजण कुजबुजले, लाकडाच्या तलवारीची कसली शस्त्रपूजा? मलाही शास्त्राची शंका होती. ती मी मनात दोन दिवस घोळवली आणि अखेर ठरवले की ज्या साजासाठी एका कारागिराने हातोडीखाली हात घातला, तो पाटावर बसण्यास अपात्र असेल तर माझी पूजाही अपात्र. त्या दिवशी मेख बसवायची होती. सगळे लांजेवारांकडे पाहू लागले. त्यांनी ती नितीनच्या तळहातावर ठेवली.

"तू बसव."

"मी? काका, माझ्या हातून..."

"हातोडी नोको. बारीक टोक आत, अन् अंगठ्यानं दाब. फकस्त अंगठ्यानं."

नितीनने मेख भोकावर ठेवली. लगेच दाबली नाही. त्याने प्रथम हात पाठीमागे नेले आणि बराच वेळ पाहिले. लांजेवार खिडकीबाहेर बघत होते. मग मेख आत गेली, हंसाशेजारी, कुठेही न खरचटता.

लांजेवार मला शेवटचे दिसले ते गेल्या माघात, भिलाईच्या पावर हाउस भागातील रिक्षातळावर. अंगात स्वेटर, कापडी पिशवी, आणि हातात पात्याला लावायच्या लवंगेच्या तेलाची लहान कुपी. कंप आता दोन्ही हातांत होता. मी विचारले, "कुठे निघालात?"

"ठाण्यात. दोन महिने झाले नं."

"अजून जाता? पाते परत मिळण्याचे कागद काही पुढे सरकले का?"

"कागद त्यांचे. तेल माहं." ते रिक्षात चढू लागले. "पन आज साहेब नवा हाय, गुरुजी. नाई म्हनू शकते."

"मग?"

"मंग उद्या जाईन."

रिक्षाचा दांडा धरलेल्या त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याचे नख पुन्हा नीट आलेच नव्हते. ते काळे राहिले होते, गर्द, म्यानाच्या लाखेसारखे. माझी नजर तिथे खिळलेली त्यांनी पाहिली, नख क्षणभर उजेडात धरले आणि म्हणाले, "हे पाहा. मुळा न लावता झाली रात." रिक्षा गर्दीत शिरली आणि तो हात तेवढा काही अंतरापर्यंत दिसत राहिला.

आज सकाळी पूजेला नितीन रजा घेऊन आला होता. जरा उशिराच आला. ताई रागावल्या, "मुहूर्त टळतो ना रे!" त्याने पिशवीतून लवंगेच्या तेलाची कुपी काढून देवघराच्या फळीवर ठेवली, मग खिशातला रुमाल, ज्याच्या घडीवर दातांच्या खुणा होत्या. तो ठाण्यातून येत होता, दोन महिने भरले होते. मी संकल्प सोडला.

वाचकहो, आपल्या घरी जे काही जुने, काळवंडलेले आणि मुके असेल, त्याला हात लावण्यापूर्वी पाहण्याची दृष्टी जगदंबा आपणास देवो. आपल्या घरातील हात स्थिर राहोत, आणि कापू लागले तर त्यांची वाट पाहणारे कोणी शेजारी असो. देवशिल्पी विश्वकर्मा आपल्या उंबऱ्याचे, आपल्या लेकराबाळांचे आणि आपल्या श्रमाचे रक्षण करो. शुभं भवतु.